नागपूर ते चिखलदरा: नवे पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि तोच उतार

मागच्या ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याहून उतरताना, धामणगाव गढीच्या बरंच वर एका वळणावर माझ्या ऑक्टेव्हिया आरएसचं ब्रेक पेडल नेहमीपेक्षा बोटभर जास्त खाली गेलं. पुढच्या वळणाला आणखी थोडं. शेजारी बसलेल्या मामेभावानं काच खाली केली आणि म्हणाला, "काही जळून राह्यलं का बे?"

जळत होते ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या. पण पेडल खाली जाण्याचं कारण पॅड नव्हते, हे मला नंतर कळलं. गाडी दुसऱ्या गिअरवर ओढत एका रुंद जागी कडेला घेतली आणि वीस-पंचवीस मिनिटं पावसात उभे राहिलो. परत बसून पेडल दाबलं तर दगडासारखं घट्ट, जणू काही झालंच नव्हतं. माणूस इथेच फसतो. नागपूरला पोचेपर्यंत सपाट रस्ता, ब्रेक ठणठणीत, आणि आपण विषय विसरून जातो.

दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका, पुढचा खर्च त्यावर ठरतो. पेडल घट्ट आहे, पायात जोर आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निसटतायत. पेडलच मऊ होऊन खोल जातंय, दोनदा पंप केल्यावर वर येतंय, तर कॅलिपरमधलं (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रमाणित जात) ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस सोसायला हवं, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच अट १५५ वर येते. नागपूरचे दोन पावसाळे काढलेलं ऑइल डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे नाही, त्या लहान आकड्याकडे सरकत असतं.

आणि उतार लहान नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर, पायथ्याचा परिसर साधारण चारशेवर. दोन माणसं आणि सामान धरून गाडी १६०० किलोची, म्हणजे सातशे मीटर उतरताना जवळपास ११ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. शंभरच्या वेगावरून गाडी पूर्ण थांबवायला सुमारे ०.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे अठरा वेळा शंभरवरून शून्यावर! यातलं बरंचसं इंजिन आणि हवा खाते, पण खालच्या गिअरवर राहून ते इंजिनाला खाऊ दिलं तर. मी ऑटो मोडवर, गप्पा मारत, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो. इंजिनाच्या २३० पीएस ताकदीचा सगळा रुबाब चढावर असतो. उतारावर त्या आकड्याचा काडीचा उपयोग नाही.

खरा राग पुढेच आला. दोन महिने आधीच्या सर्व्हिसच्या बिलात ब्रेक ऑइल बदलल्याचे पैसे लावलेले होते. नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या जुन्या मिस्त्रीकाकांनी गाडी उचलली, मागचं चाक काढलं आणि मला खाली वाकायला लावलं. प्रत्येक चाकाशी जुनं ऑइल बाहेर काढायची तोटी असते, ब्लीड निपल; तिच्यावर काळी रबरी टोपी असते. त्या टोपीवर गेल्या वर्षीचा लाल मातीचा थर जसाच्या तसा, कडेला एक ओरखडासुद्धा नाही. काकांनी नखानं टोपी काढली, पारदर्शक नळी लावून निपल पाव फेरा सैल केला. जे आलं ते कोऱ्या चहासारखं. "भाऊ, हे कोणी बदललंच नाही. वरून टाकीत भरलं असंन जरासं." तेव्हापासून कुठेही हे काम करून घेतलं की गाडी ताब्यात घेण्याआधी मी चारही टोप्या बघतो. तुम्हीही बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता पॅड. ट्रॅकसाठीचे पॅड टाकायचा मोह मलाही झाला होता. ते एका मित्राच्या पोलोत आहेत. व्हरायटी चौकात तो सिग्नलला थांबला की अख्खी सीताबर्डी वळून बघते, असं किंचाळतात. वर सकाळी गार असताना पहिल्या दोन-तीन ब्रेकला पकडच नसते. रोज ऑफिस, महिन्यातून एकदा घाट, असा वापर असेल तर वेगवान रस्त्यासाठी बनवलेले पॅड घ्या, शर्यतीचे नकोत. बऱ्याच पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती वाचायची सवय लावा. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापला की मागे सरतो. मी समोरच्या दोन चाकांना 'जीजी' घेतले, मागचे कंपनीचेच ठेवले. पण समोर फारच कडक आणि मागे मऊ असं करून तोल बिघडवू नका. यात माझाही थोडा जुगारच होता, तो जमला.

पॅड बदलताना डिस्कची जाडी मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. तिच्या जवळ आली असेल तर महागडे पॅड लावणं म्हणजे पैसे पाण्यात. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून पिनांसाठीचंच ग्रीस लावायचं, हाताला लागेल ते नाही. माझ्या गाडीत समोरच्या डाव्या पॅडला झीज कळवणारी वायर आहे, नव्या पॅडला ती नव्हती. परिणामी डॅशबोर्डवर पॅडचा दिवा कायमचा लागला आणि वायरचा तुकडा वेगळा मागवावा लागला. ऑर्डर देण्याआधी हे विचारा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचा पिस्टन जोर लावून आत ढकलू नका. आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो.

ऑइल निवडताना मी सगळ्यात जास्त डोकं खाजवलं. रेसिंगचं ऑइल ३०० अंशांच्या वर जातं, मोह होतोच. पण माझ्या गाडीच्या एबीएस-ईएसपीला (चाक लॉक होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा) कंपनी पातळ जातीचं डॉट ४ मागते, आणि रेसिंगची बरीच ऑइलं तेवढी पातळ नसतात. शेवटी एटीई एसएल ६ घेतलं: कोरडं २६५, ओलं १७५. डॉट ५ मात्र चुकूनही नको. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. ५.१ नाव सारखं असलं तरी ते डॉट ४ च्याच कुळातलं.

एक लिटर पुरलं. ऑइल बदलताना कोणत्या चाकातून आधी हवा काढायची, तो क्रम मॅन्युअलप्रमाणे ठेवा. 'सगळ्यात लांबचं चाक आधी' हा जुना नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी मध्येच खाली गेली आणि हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो, म्हणून एक माणूस फक्त टाकीवर नजर ठेवायला. तो माणूस मी होतो. एक थेंब फेंडरवर सांडला तर काकांनी जी झाप दिली! हे ऑइल रंग खातं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

नवे पॅड बसवून थेट घाटात जायचं नाही, आधी ते डिस्कवर रुळू द्यायचे. रविवारी पहाटे साडेपाचला आउटर रिंग रोडवर, मागे कोणी नाही बघून, ऐंशीवरून वीसपर्यंत नऊ-दहा वेळा दमदार ब्रेक मारले. मधे थोडं अंतर, आणि पूर्ण थांबायचं नाही. नंतर दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक न लावता गार होऊ दिली. वास येतो, किंचित धूरही दिसतो, घाबरू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर तिथे पॅडचा डाग चिकटतो आणि पुढे महिनोन्‌महिने स्टिअरिंग थरथरतं. ज्यांना समृद्धीवर ब्रेक तपासायचा आहे त्यांनी तो नाद सोडा; त्या सरळ रस्त्यावर टायर तपासला जातो, ब्रेक नाही. भर रस्त्यात जोरात ब्रेक मारणं तिथे जिवावरचंही आहे.

जानेवारीत परत निघालो, तोच मामेभाऊ, तोच रस्ता. सकाळी सहाला तर्री-पोहे हाणून वाडी सोडलं. राष्ट्रीय महामार्ग ५३ नं बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, तिवसा. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी पाच मिनिटं. या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, फक्त संत्र्यांचे ट्रक आणि उलट्या दिशेनं येणारे ट्रॅक्टर सांभाळा. अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत परतवाडा. पेट्रोल आणि टायरची हवा परतवाड्यातच बघून घ्या, वर भरवसा नको. एकूण अंतर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, वाट कशी घेता त्यावर.

धामणगाव गढीनंतर घाट सुरू होतो. मोथ्याजवळ गार वारा अंगावर येतो आणि गवळ्यांच्या घरांपाशी दुधाचा वास. चढताना ब्रेकचं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, देवी पॉइंटकडे निघताना, पहिल्याच ब्रेकला जाणवलं की गार असताना नवे पॅड जुन्यांपेक्षा थोडे सुस्त आहेत. दोन-तीनदा हलका पाय लावला की जागे होतात. थंडीत जाणाऱ्यांनी हे गृहीत धरूनच हॉटेलच्या उतारावरून निघा.

उतरताना यावेळी डीएसजी (गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मॅन्युअलवर, बहुतेक वेळ दुसरा गिअर, सरळ जागी तिसरा. वळणाआधी ब्रेक एकदाच नीट मारून वेग कमी करायचा आणि पाय उचलून घ्यायचा. सतत घासत राहिलं तर डिस्कला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. मागे एक जीप हॉर्न मारत होती, तिला जाऊ दिलं. पायथ्याशी थांबून थर्मामीटर गन लावली: समोरची डिस्क २१० अंशांच्या आसपास, मागची १२०. चकचकीत धातूवर ही गन आकडा कमी दाखवते, तेव्हा खरं तापमान याच्या वरच असणार. पेडल मात्र वरच्या पहिल्या वळणाला जिथे होतं तिथेच खाली. मामेभाऊ पूर्ण उतारभर झोपला होता.

आता खरं सांगायचं तर, मला एकच गोष्ट करायचे पैसे असते तर मी पॅड बदलले नसते. ताजं ऑइल आणि दुसरा गिअर, एवढ्यावर ऑगस्टचा प्रकार टळला असता. ऑइलचा खर्च पॅडच्या मानानं किरकोळ. पॅडनं पायाखालचा विश्वास वाढला, धूळ वाढली आणि चाकं आठवड्यात काळी पडायला लागली.

परत आल्यावर वाडीत थांबलो, चाकांचे बोल्ट पुन्हा तपासायला. माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर लागतात. काकांनी टॉर्क पाना लावला, प्रत्येकावर एक टकटक, एकही हलला नाही. मग त्यांनी वाकून चारही टोप्या पाहिल्या, डिकीकडे नजर टाकली आणि म्हणाले, "पावसाळ्याच्या आधी ऑइल बघायला येजा, भाऊ. आन्‌ पुढच्या वेळी वरून रबडी आणजा."