उत्तर हातचे राखणारे सर

विभागाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचे ठरल्यावर, आम्हाला ‘व्यवसाय धोरण’ शिकवणाऱ्या सरांखेरीज दुसरा विषय मनात आला नाही. आपले नाव छापून आलेले त्यांना आवडत नसे, म्हणून येथेही ते देत नाही; ऐंशीच्या दशकात येथे शिकलेल्यांना ते सांगावे लागणार नाही.

सरांच्या अध्यापनाचा पाया केस पद्धती, म्हणजे एखाद्या उद्योगापुढचा प्रत्यक्ष पेच (‘केस’) वर्गासमोर ठेवून चर्चेतून शिकवण्याची पद्धत, हा होता. १९०८ साली स्थापन झालेल्या हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयात ती रुजली आणि १९६१ मध्ये अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली, तेव्हा तेथेही ती अध्यापनाचा कणा ठरली. सर अहमदाबादला प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गाला जाऊन आले होते; परंतु सोलापूर-सांगलीकडून आलेल्या मुलांना अमेरिकी मोटार कंपनीचा पेच आपला वाटणार नाही, हे ओळखून त्यांनी बहुतेक केस स्वतःच लिहून, टंकलिखित करून आणल्या.

त्यांतली किर्लोस्करांच्या नांगराची केस मला आजही पाठ आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेतील नोकरी सोडून बेळगावला आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींचे दुकान चालवता चालवता कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले, पण लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे शेतकरी नांगराला हात लावीनात, इथपर्यंतच मजकूर दिलेला असे. पुढे औंधच्या संस्थानिकांनी दिलेला आश्रय आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी यांचा त्यात उल्लेखही नसे. लक्ष्मणरावांच्या जागी तुम्ही असता तर उद्या सकाळी काय केले असते, एवढाच प्रश्न. कोणी किंमत उतरवा म्हणे, कोणी उधारीवर द्या म्हणे, कोणी शेतावर नांगरून दाखवा म्हणे. सर प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहीत आणि मग एकेकाला उभे करून विचारीत: उधारी वसूल होईपर्यंत कारागिरांची मजुरी कोठून द्याल? प्रात्यक्षिक कोणत्या महिन्यात, आणि कोणाच्या शेतात? फाळ मोडला तर गावात दुरुस्ती कोण करील? तासाच्या शेवटी आम्ही ‘मग बरोबर काय?’ असे विचारले तरी ते स्वतःचे मत देत नसत. ते एकदा सांगितले की पुढच्या केसमध्ये मुले परिस्थितीचा विचार सोडून माझ्या मताचा अंदाज बांधू लागतील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मी स्वतः काही वर्षे शिकवल्यानंतर ते मला पूर्णपणे पटले आहे.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची केसही अशीच अवघड होती. ऊस घालणारा सभासदच मालक असताना, उसाला भाव किती द्यायचा आणि कर्जफेडीसाठी किती राखायचे, यावर वर्ग अक्षरशः दोन तट होऊन भांडला होता.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी त्यांनी एक गोष्ट केली, जिचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. विचार मराठीत सुचला असेल तर मराठीतच मांडा, असे ते पहिल्याच तासाला सांगत, आणि फळ्यावर त्याचे इंग्रजी स्वतः लिहीत. वर्षभर गप्प राहिली असती अशी कितीतरी मुले त्यामुळे बोलू लागली. त्यांतल्या अनेकांची शेतीची आणि बाजाराची जाण शहरी मुलांपेक्षा पक्की होती, हे सगळ्या वर्गाला त्या चर्चांतूनच कळले.

या पद्धतीची किंमतही होती. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका व्याख्या आणि टिपा विचारी, अभ्यासक्रम मागे पडे, आणि शेवटचे काही आठवडे सर जादा तास घेऊन तो भरून काढीत. तरीही परीक्षेसाठी केस कमी कराव्यात हा आमचा आग्रह त्यांनी मानला नाही. माझ्या मते त्यांचेच बरोबर होते, कारण अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची कारणे चारचौघांत मांडायची सवय टिपा पाठ करून लागत नाही.

त्यांच्या टंकलिखित केस काही माजी विद्यार्थ्यांपाशी अजून आहेत. त्या एकत्र करून, आवश्यक तेथे आकडे तपासून, विभागाने या महोत्सवी वर्षात पुस्तकरूपाने छापाव्यात, अशी माझी विनंती आहे. माझ्याकडच्या प्रती मी ग्रंथालयाकडे देत आहे.