माटोळीवरच्या चिठ्ठ्या

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचा मान गेल्या चवथीला पुतण्याकडे आला. त्याच्या वडिलांचे गुडघे गेले आणि शिडीवर चढणारं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मान. हे आपलं आपल्यात.

पुतण्या पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या कला महाविद्यालयात शिकतो. 'इन्स्टॉलेशन', म्हणजे वस्तू जागेत मांडून केलेली कला, हा शब्द त्याच्या तोंडात सुपारीसारखा घोळत असतो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-पानं बांधणारे आपले आजे-पणजे दुसरं काय करत होते, असं मी त्याला एकदा सहज म्हणालो होतो. ते त्याला पटलं. जरा जास्तच पटलं.

आदल्या रात्री आम्ही बांधायला बसलो. आंबाडे, तोरिंगं, सुपारीचा घोस एकेक करून वर गेले. खरी परीक्षा कवंडळाची. शेंदरी, गुळगुळीत, डोळ्यात भरणारं फळ, पण खायच्या कामाचं नाही. केवणीच्या झुडपाची साल भिजवून मऊ करायची, पिळून तिचा दोर करायचा आणि देठाला अलगद गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर फळ खाली येतं, जोरात आवळली तर देठच तुटतो आणि बिनदेठाचं कवंडळ टांगणार कुठून? पुतण्याने दोन तोडली. मोठी काकी काही बोलली नाही, फक्त तिसरं स्वतःच्या हातात घेतलं.

केळ्यांचा घड वर चढवताना त्याला मावरीत्सिओ कात्तेलान आठवला. या इटालियन कलाकाराने २०१९ च्या डिसेंबरात मायामीच्या कलाजत्रेत भिंतीला एक केळं चिकटपट्टीने चिकटवलं आणि किंमत लावली १ लाख २० हजार डॉलर. कोणीतरी ते सोलून खाल्लं, तर तिथल्यांनी दुसरं लावलं. विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र, सोबत केळं कसं लावायचं याच्या सूचना. जमिनीपासून १७५ सेंटिमीटरवर लावा, सात ते दहा दिवसांनी बदला. बाजाराची थट्टा म्हणून केलेली ही वस्तू २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरना गेली. घेणाऱ्याने हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमोर ती खाल्लीसुद्धा.

"आणि ते केळं कोणी विकलं?" काकीने विचारलं.

लिलावघराजवळच्या गाडीवर फळं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बांगलादेशी माणसाने, ३५ सेंटला. पुढे त्याच केळ्याचं काय झालं ते कळल्यावर त्याला रडू आलं म्हणे. काकीने हातातला दोर खाली ठेवला. "त्याला काय दिलं मग?" पुतण्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी उठून पाहतो तर माटोळीतल्या प्रत्येक फळाला पांढरी चिठ्ठी. कवंडळ, ६० रुपये. तोरिंग, ८०. आंबाड्यांचा घोस, ५०. नारळ घरच्या माडाचे, म्हणून त्यांची चिठ्ठी कोरी. पणजोबा रानात जाऊन जे फुकट आणत, ते आपण माटोळीच्या बाजारात घासाघीस करून आणतो आणि वर परंपरा जपली म्हणतो, असा त्याचा टोला होता. खोटं नव्हतं. आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात घासाघीस करणारा मीच होतो. काकी चिठ्ठ्या काढायला निघाली होती, पण तोवर भटजी आले.

आरती सुरू झाली. घुमट-शामेळ या वाद्यांचा ठेका रंगात आला आणि माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांचे हात जोडलेले असले तरी डोळे मूर्तीवर नाहीत, वर आहेत. शेवटचा 'मोरया' विरतो न विरतो तोच शेजारचे भाऊ म्हणाले, "कवंडळ साठला? आमकां चाळीसांक मेळ्ळें!" झालं. म्हापशात काय भाव, डिचोलीत काय, उशिरा गेलं की स्वस्त मिळतं की महाग, यावर देवासमोर परिषद भरली. एका पाहुण्याला वाटलं, ही कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेची तयारी आहे. "पण फळांची नावं लिहायची सोडून भाव काय लिहिलेत?" टोला असा कोणालाच लागला नाही. चुलतबहिणीने तर फोटो काढून घेतला, पुढच्या वर्षी ठकायला नको म्हणून.

पुतण्या मागच्या पडवीत तोंड पाडून बसला. मी त्याला बँक्सी सांगितला, ओळख लपवून चित्रं काढणारा ब्रिटिश कलाकार. २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात हातोडा पडताच त्याचं चित्र चौकटीतल्या छुप्या यंत्राने आपोआप अर्धं फाडलं गेलं. लिलावाच्या तोंडावर मारलेली थप्पडच ती. तीन वर्षांनी तेच फाटकं चित्र त्याच लिलावघरात १ कोटी ८५ लाख पौंडांना विकलं गेलं, आधीच्या भावाच्या सतरापटीहून जास्त. तिथे बँक्सीचं काही चाललं नाही, तू तर अजून दुसऱ्या वर्षाला आहेस. त्याला काही फार बरं वाटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात काकी पातोळ्यांची बशी घेऊन आली. त्याच्या हातात देत म्हणाली, "पुढल्या वर्षी बाजाराला तूच जा रे. भाव सगळे पाठ आहेत तुझे."