न चाखलेले सरपोटेल

सरपोटेल शिजवले त्या दिवशी खाऊ नये, हे आमच्या वसईत लहान मुलांनाही ठाऊक असते. डुकराचे मांस आणि काळीज अर्धवट उकडून त्याचे बारीक तुकडे करायचे, ते त्यांच्याच चरबीत परतायचे, आणि लाल मिरच्या, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी व्हिनेगरमध्ये वाटून केलेल्या मसाल्यात मंद आचेवर ठेवायचे, इथवरचे काम एका दुपारचे असते. चव मात्र नंतर येते. व्हिनेगर आत मुरते, मसाल्याचा उग्रपणा निवतो आणि तिसऱ्या दिवशी ते खऱ्या अर्थाने तयार होते. नाताळात याची अडचण येत नाही. ईस्टरला मात्र तीन दिवस मागे मोजले की नेमका ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आडवा येतो आणि त्यातला गुड फ्रायडे म्हणजे वर्षातला सर्वांत कडक उपवासाचा दिवस.

हा पेच आमच्या घरी दर वर्षी उभा राहतो आणि दर वर्षी त्याचे उत्तर तेच असते. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी पातेले चढवायचे, रात्री झाकून ठेवायचे, आणि रोज एकदा उकळी काढण्यापलीकडे रविवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चाखायचे तर मुळीच नाही. चर्चचा नियम इतका कडक नाही, हे मला माहीत आहे. राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एक वेळचे पूर्ण जेवण आणि फार तर दोन वेळा थोडेसे खाणे एवढ्यावर राहायचे असते, आणि १४ वर्षांवरील सर्वांनी या दोन दिवशी व उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे असते. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे जुने नियम बरेच सैल केले. पण सासूबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत ही सवलत पोहोचलेली नाही. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पुढचे चाळीस दिवस आमच्याकडे मटण, कोंबडी, डुक्कर काहीही ताटात येत नाही.

या चाळीस दिवसांच्या हिशेबावरून घरात एक जुना वाद आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात, कारण रविवार उपवासात धरले जात नाहीत. सासऱ्यांचे म्हणणे असे, की रविवार धरायचाच नसेल तर त्या दिवशी कोंबडी का नको? तर्क बिनतोड आहे आणि त्याचा आजवर काहीही उपयोग झालेला नाही.

आमच्या शेजारच्या हिंदू मैत्रिणीला आमच्या उपवासाची फार गंमत वाटते. तिच्या उपवासाला साबुदाणा, वरई, शेंगदाणे चालतात आणि भात चालत नाही, तर आमच्याकडे भात, डाळ, कांदा, लसूण सगळे चालते आणि नियमाप्रमाणे मासेसुद्धा चालतात. मांस वर्ज्य करताना चर्चने मासळी त्यात धरलेली नाही. ज्या प्रदेशात मासे ही गरिबाची शिदोरी होती तिथे या सवलतीला अर्थ होता. पण समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या वसईत शुक्रवारी पापलेट तळून खाणे आणि त्याला त्याग म्हणणे मला तरी जमत नाही. माझ्या आजीलाही ते जमत नसे. उपवासकाळातल्या शुक्रवारी ती वालाचे बिरडे करायची आणि गुड फ्रायडेला फक्त पेज. त्या सुमारास कैऱ्या आलेल्या असत, म्हणून मिठात घातलेल्या कैरीच्या चार फोडी पेजेच्या बाजूला पडत. तीन वाजता चर्चमधली उपासना, तिथून येऊन ती पेज, आणि त्यानंतर घरात चूल पेटायची नाही. मी आजही तेच करते. गॅस पेटवत नाही, एवढाच फरक.

नाताळाच्या फराळाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात सांगते. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांत पेरूची वडी म्हणजे पेराद, नारळाची वडी म्हणजे कोकाद, करंजीसारख्या नेवऱ्या आणि वळून तळलेले गोड कुलकुल हळूहळू डब्यात जमा होतात. कुलकुलाची वळी आम्ही नव्या, स्वच्छ धुतलेल्या फणीवर उमटवतो, कारण काट्याच्या पाठीवर ती तितकी नाजूक येत नाही. उपवासकाळाच्या मधोमध, १९ मार्चला, संत योसेफांचा सण येतो आणि त्या दिवशी गोडाला हरकत नसते. ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद मिळतो, तेव्हा त्यातले चार दाणे सोलून खिरीत टाकण्याची आमच्या घरची रीत आहे. त्या चार दाण्यांनी खिरीच्या चवीत काही फरक पडत नाही. तरी ते टाकल्याशिवाय खीर वाढत नाहीत.

ईस्टरची गोष्ट मात्र निराळी, कारण त्या दिवशी जे ताटात येते त्याची वाट पाहिलेली असते. अंडी ईस्टरला का आली, याचेही उत्तर त्या वाट पाहण्यातच आहे. पूर्वी उपवासात अंडी आणि दूधही वर्ज्य असे, कोंबड्या मात्र अंडी घालायच्या थांबत नसत, आणि सण उजाडेपर्यंत घरात अंड्यांचा साठा झालेला असे. आमच्याकडे ती फुग्यांमध्ये, म्हणजे तळलेल्या गोल पावांमध्ये, जातात. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि थोडी साखर एकत्र करून पीठ आंबवायचे. पूर्वी त्यासाठी ताडी वापरत, आता यीस्ट वापरतात. ओल्या मुठीत सैलसर पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून ते वर दाबायचे, आणि लिंबाएवढा गोळा वर आला की कढत तेलात सोडायचा. तो आपोआप टम्म फुगतो आणि उलटतो. पोर्तुगीज १५३४ मध्ये वसईत आले आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. सरपोटेल त्यांच्या आलेंतेजू प्रांतातून आले असले, तरी फुग्यांसोबत खाल्ले की ते वसईचेच वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बुधवारी मी सरपोटेल केले, मीठ घातले आणि ओटा आवरून क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेले. मी नवशिकी सून, मीठ विसरली असणार, अशा समजुतीने सासूबाईंनी माझ्या पाठीमागे पुन्हा मीठ घातले. चाखायचे नाही, म्हणून कोणालाच काही कळले नाही. शनिवारी रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटला, पास्काची म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये आली, चाळीस दिवस बंद असलेले आलेलुयाचे स्तुतिगान पुन्हा गायले गेले, आणि मध्यरात्रीनंतर घरी परतून आम्ही झाकण काढले. पहिला घास सासऱ्यांनी घेतला. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे ओढला. मी सासूबाईंकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि दोघींना एकाच क्षणी उलगडा झाला.

त्या रात्री फुग्यांनी अब्रू राखली. उरलेल्या पिठात मीठ नव्हतेच, त्याचे आणखी तीसेक फुगे तळले आणि एका फुग्याला जेमतेम अर्धा चमचा सरपोटेल या प्रमाणात जेवण झाले. सकाळी बिनमिठाचे मांस उकडून त्यात मिसळले, तेव्हा ते पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगे झाले.

चाखण्याची मुभा मात्र त्यानंतरही मिळाली नाही. सासूबाईंनी दुसरा उपाय काढला. बुधवारी सकाळी लागणारे मीठ एका छोट्या पितळी वाटीत मोजून पातेल्याच्या शेजारी ठेवायचे, आणि जी कोणी ते घालेल तिने रिकामी वाटी झाकणावर उपडी करून ठेवायची. या वर्षी ईस्टर ५ एप्रिलला आहे. बुधवारी रात्रीपासून ती वाटी तिथे उपडी असेल, आणि रविवारपर्यंत स्वयंपाकघरात येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघेल.