फ्लो कंट्रीतली झाडं आणि शेजारची दलदल

आज स्कॉटलंडच्या उत्तरेला फोर्सिनार्डला दिवसभर फिरलो आणि अजून डोक्यात तेच चाललंय. हा फ्लो कंट्रीचा भाग म्हणजे सगळी पीटची दलदल, हजारो वर्षं न कुजलेलं शेवाळ थरावर थर साचून झालेली, आणि 1980च्या दशकात टॅक्समध्ये सूट मिळायची म्हणून इथे नांगरून, चर खणून सिटका स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावले. 1988ला ती सूट बंद झाली, झाडं उभीच राहिली. वाईट म्हणजे नुकसान फक्त लावलेल्या जागेचं नाही हो, चर आणि मुळं पाणी ओढतात त्यामुळे शेजारची कधीच न नांगरलेली दलदलही काठाकाठाने सुकते, खचते. काठावर वाकून बघितलं तर स्फॅग्नम शेवाळाची ओली गादी जाऊन हेदरचं झुडूप माजलेलं आणि त्यात बोटभर उंचीची स्प्रूसची रोपं, वाऱ्याने उडून आलेल्या बियांची! डनलिन, गोल्डन प्लोव्हर हे पक्षी तर झाडांच्या भिंतीपासून शेकडो मीटर लांबच राहतात, आडोशाला कोल्हे नि कावळे असतात ना.

आता बऱ्याच ठिकाणी झाडं तोडून चर अडवतायत, एका चरात पाणी तुंबून हिरवंगार स्फॅग्नम परत धरलेलं दिसलं, इतकं बरं वाटलं! पण वाळून तडकलेलं पीट पटकन सावरत नाही, त्यामुळे काठावरची उरलेली झाडं आधी काढा असं मला अगदी मनापासून वाटतं.