हत्तिणीसोबत चाललेले मामा

निपाणीहून बेळगावला सर्कस हलायची तेव्हा तंबू, खांब, पिंजरे ट्रकमध्ये आणि हत्तीण पायी. सोबत माहुत, म्हणजे आमचे मामा. आज संकेश्वरला त्यांच्या घरी बसून हे ऐकलं आणि अजून डोक्यातून जात नाही.

चालायचं ते रात्रीच. "दिवसा डांबर तापतंय बाळा. तिला काय खूर न्हाईत, मऊ तळवा हाय. भाजला म्हंजे संपलंच." हत्तीला आपल्यासारखा घामही येत नाही, कान हलवून तो अंग थंड करतो. तवंदी घाटात मागून ट्रक आला की मामा तिला आतल्या अंगाला घेऊन स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालायचे. आणि पोट दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा मागणारं! मालकाचे पैसे वेळेवर येत नसत. मग उसाच्या फडावर थांबायचं. ऊसतोडकरी वाड्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याच्या, पेंढ्या टाकायचे; मराठी की कानडी, कुणी विचारलं नाही. बायका तिच्या पायावर पाणी घालून हळदकुंकू लावायच्या.

विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये देशी सर्कस उभी केली, हे आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवं. पण पायातली साखळीही सांगायला हवी. मामाच म्हणाले, "स्टुलावर उभं ऱ्हायला हत्तीला आवडंल व्हय?" १९९८ ला वाघ, सिंह, अस्वलांच्या खेळांवर बंदी आली. हत्ती त्यानंतरही रिंगणात राहिले. मला हे फार लागलं.

मामांकडं तिचा एकही फोटो नाही. निपाणी, चिकोडी, बेळगाव भागातल्या जुन्या सर्कशीचे फोटो कुणाकडं असतील तर पाठवा. त्यांना दाखवायचे आहेत.