माजघरातला ५.१ : रिसीव्हरने ठरवलेलं सेटिंग मोडून पुन्हा हाताने लावलं

सिनेमे बघायला माजघरात ५.१ लावलंय, म्हणजे पुढे दोन स्पीकर, मध्ये सेंटर, आजूबाजूला दोन सराउंड, बेससाठी एक सबवूफर (सब), आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर. मागच्या वेळी लिहिलं होतं की माईक लावून ऑटो सेटअप केला (रिसीव्हर स्वतःच आवाज मोजून सेटिंग ठरवतो तो) आणि सगळं झालं, तर ते झालेलं नव्हतं. महिनाभर ऐकल्यावर कळलं की स्फोट, गाड्या, पाऊस सगळं दणदणीत येतंय पण माणसं बोलतात ते पुसट. आई दोन संध्याकाळी शेजारी बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माका एक शब्द कळाक नाय." तिचे कान चांगले आहेत, म्हणजे चूक सेटिंगमध्येच होती.

आधी खोली सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. देवगडकडचं जुनं घर, चिऱ्याच्या भिंती, खाली कोबा, वर कौलं. माजघर १६ फूट बाय ११ फूट. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला तर १६ फुटांच्या लांबीत पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये आपटून ठरावीक सूर फुगतो तो) येतो ३५ हर्ट्झच्या आसपास, दुसरा ७० ला, आणि ११ फुटांच्या रुंदीत ५१ ला. आमचा सोफा मागच्या भिंतीला अगदी टेकून होता आणि भिंतीजवळ हे सगळे मोड जोरात असतात, म्हणून बेस फुगलेला. सोफा बरोब्बर मध्ये आणला तर उलटं होतं, ३५ चा बेस गायबच होतो. शेवटी पावणेदोन फूट पुढे ओढला. एवढ्याने जो फरक पडला तो मेनूतल्या कुठल्याच आकड्याने पडला नसता.

आता मुख्य चूक. ऑटो सेटअपने पुढचे दोन्ही स्पीकर 'लार्ज' धरले होते. बुकशेल्फ आहेत, पाच इंची वूफर. लार्ज म्हटलं की रिसीव्हर अख्खा बेस त्यांच्याकडेच पाठवतो, ते बिचारे ४० हर्ट्झ वाजवायला धडपडतात आणि दहा इंची सब शेजारी नुसता एलएफई ची (सिनेमातल्या खास बेसच्या वेगळ्या चॅनेलची) वाट बघत बसतो. लार्ज-स्मॉलचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही मंडळी, खालचा बेस सबकडे वळवायचा की नाही एवढाच तो प्रश्न आहे. सगळे स्मॉल केले. मग क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या हर्ट्झच्या खालचा बेस सबकडे जातो तो आकडा: पुढचे दोन ८० ला (सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणारे टीएचएक्स वाले पण हाच आकडा धरतात), सेंटर १०० ला, सराउंड लहान आहेत म्हणून १२० ला. एलएफई चा लो पास (ज्याच्या वरचा आवाज कापला जातो ती मर्यादा) १२० ला तसाच ठेवला, त्याला हात लावू नका. आणि सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर, नाहीतर रिसीव्हर एकदा कापतो आणि सब परत एकदा कापतो, मग मध्ये खड्डा पडतो. माझा नॉब महिनाभर अर्ध्यावर होता.

सबची जागा शोधायला जुनीच युक्ती केली, सब उचलून सोफ्यावर ठेवला, बेसचा एक तुकडा लूपवर लावला आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकत गेलो. कोपऱ्यात घुमत होतं, देवघराच्या दाराजवळ जवळजवळ काही नाही, आणि टीव्हीच्या उजवीकडे कोपऱ्यापासून तीन फुटांवर प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला. सब तिथेच. फेज (सबचा पडदा बाकी स्पीकरबरोबर हलतो की उलटा) ० आणि १८० दोन्ही करून बघितली, ८० च्या आसपास जिथे जास्त भरीव वाटलं ती ठेवली, माझ्याकडे १८०.

अंतराबद्दल एक. ऑटो सेटअप प्रत्येक स्पीकरचं सोफ्यापासूनचं अंतरही मोजतो. सब सोफ्यापासून ९ फुटांवर आहे आणि रिसीव्हर दाखवतो १५. ते चुकीचं समजून टेप लावून दुरुस्त करू नका, सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो तो उशीर त्यात धरलेला असतो. एक फूट म्हणजे साधारण ०.९ मिलिसेकंद. बाकी स्पीकरची अंतरं मात्र टेपने तपासा, माझा डावा सराउंड दोन फूट चुकला होता.

का चुकला तेही सापडलं. पहिलं मोजमाप मी जूनमध्ये पाऊस चालू असताना केलं होतं. कौलावरचा पाऊस, पागोळ्या, मागे परसात बेडूक, वर पंखा, माईकला हे सगळंच ऐकू जातं. या वेळी पहाटे पाचला उठून, पाऊस थांबल्यावर, पंखा आणि फ्रीज बंद करून केलं. सबची लेव्हल पहिल्यांदा उणे १२ आली होती, म्हणजे रिसीव्हर कमी करून करून थकला, तेव्हा सबचाच गेन (त्याच्या स्वतःच्या आवाजाचा नॉब) कमी केला आणि परत मोजलं तर उणे ४ आली. मग टेस्ट टोन लावून मोबाईलच्या मीटरने प्रत्येक चॅनेल ७५ डीबीला जुळवला. मोबाईलचा आकडा खरा नसेल पण पाच स्पीकर एकमेकांशी जुळले की काम होतं. सबसाठी मात्र मोबाईलवर विश्वास नको, त्याचा माईक खालचा बेस नीट पकडत नाही.

सेंटर टीव्हीच्या कपाटात आत ढकललेला होता, गुडघ्यांकडे तोंड करून. ओढून कडेला आणला, पुढून खाली रबराचे दोन तुकडे देऊन कानाच्या दिशेने वर तिरका केला, लेव्हल दीड डीबी वाढवली. बोलणं सुधारण्यात माझ्या मते अर्धा वाटा या रबराचा आहे. पाऊस जोरात असेल त्या रात्री सेंटर अजून २ डीबी आणि डायनॅमिक कॉम्प्रेशन (मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणारं सेटिंग) चालू, नाहीतर हळू आवाजातले प्रसंग कौलांच्या आवाजात बुडतात. उघडीप असली की कॉम्प्रेशन बंद, तेव्हा ते लावून ऐकणं मला पटत नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी, वायरची उघडी टोकं खाऱ्या हवेने हिरवी पडतात. माझ्या उजव्या स्पीकरचा आवाज मध्येच बसायचा तो यामुळेच. टोकं कापून नवी सोलली, बनाना प्लग (वायरच्या टोकाला लावायच्या पिना) लावले.

काल रात्री आई जेवून येऊन बसली, दीड तास उठली नाही. आवाज आधी उणे २२ ला ठेवायला लागायचा, काल उणे ३० ला होता (रिसीव्हरवर उणे आकडा जितका मोठा तितका आवाज कमी). "ह्या आता बरा लागता" म्हणाली.

राहिलंय ते एकच, ४० च्या आसपास जोर वाढला की दक्षिणेकडची दोन-तीन कौलं रीपेवर थरथरतात. आता पावसात वर हात लावता येणार नाही. मे मध्ये शाकारणीला गडी येतील तेव्हा त्या ओळीत रीप आणि कौलाच्या मध्ये काहीतरी मऊ घालायचा विचार आहे, कुणी कौलारू घरात हे केलं असेल तर काय घातलं ते सांगा, काथ्या की रबर. तोवर सबला २ डीबी खाली ठेवलाय.