हॅटरस अपडेट: पट्टे शेवटी जमले!

मंडळी, तीन आठवडे छळल्यावर काल रात्री केप हॅटरसच्या (अमेरिकेतलं दीपगृह) लाकडी मॉडेलची मास्किंग टेप सोडवली आणि काळ्या पट्ट्याची कड अगदी धारदार निघाली!! बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

मागच्या वेळी नाना पेठेतल्या लेथवाल्या काकांकडून सागाचा मनोरा कातून आणला तिथपर्यंत आलो होतो. १:१०० स्केल, म्हणजे खरा १९८ फुटी मनोरा आपल्याकडे साठ सेंमी. पांढरा मारून झाला आणि पट्ट्यांवर गाडी अडली. दोन काळे दोन पांढरे, प्रत्येकाचा मनोऱ्याभोवती दीड वेढा. सरळ पाइप असता तर टेप गुमान तिरकी बसली असती, पण हा वर निमुळता होत जातो, त्यामुळे टेप भलतीकडेच पळते आणि ओढून वळवली की एका कडेला चुण्या पडतात, त्या चुण्यांतून काळा आत शिरतो. दोनदा सगळं घासून परत पांढरा मारला, त्यात ही पावसाळी हवा, एकेक कोट वाळायला दोन दोन दिवस.

मग टेप बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. पट्ट्यांचा भाग ४८ सेंमी, त्यावर दर दोन सेंमीला एक अशा २४ रिंगा, आणि खालून वर १६ उभ्या रेघा. दीड वेढा म्हणजे ५४० अंश, भागिले २४, साडेबावीस, आणि १६ रेघांमधलं अंतरही साडेबावीसच! म्हणजे एक रिंग वर, एक रेघ बाजूला, बस्स. चार रेघांचा एक पट्टा, वर रेघा जवळ येतात तसा तो आपोआप अरुंद होतो. कडेला दोन एमेमची तामिया कंपनीची टेप (महाग आहे पण वळते, बोहरी आळीतली साधी मास्किंग टेप फक्त आतला भाग झाकायला घ्या), टेपच्या कडेवर आधी परत पांढरा आणि मग काळा, म्हणजे शिरलाच तर पांढराच शिरतो.

एवढा जीव त्या पट्ट्यांवर का, तर तिथला किनारा. हॅटरस जिथे आहे ते आउटर बँक्स (नॉर्थ कॅरोलिना) म्हणजे नुसती वाळूची सखल बेटं, आपल्या कोकणासारखा डोंगर नाही की कडा नाही, समुद्रातून मैलोन् मैल सगळं सारखंच. दिवसा खलाशाने ओळखायचं कसं? म्हणून १८७३ साली तिथल्या दीपगृहांच्या मनोऱ्यांना वेगवेगळे रंग दिले, हॅटरसला पीळ, बॉडी आयलंडला आडवे पट्टे, केप लुकआउटला चौकटी. वाळू सरकत राहते ती वेगळीच, १८७० ला हॅटरस बांधला तेव्हा समुद्र १५०० फूट लांब होता, तो इतका जवळ आला की १९९९ साली अख्खा मनोरा २९०० फूट मागे सरकवला, २३ दिवसांत. म्हणून मी मनोरा बेसला चिकटवणार नाहीये, उचलता यायलाच हवा.

पुढचा नंबर बॉडी आयलंडचा ठरला होता, पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की याच जाळ्यावर उलट्या बाजूनेही तिरक्या रेघा मारल्या की लुकआउटच्या चौकटी तयार! तिथे काळ्या चौकटी उत्तर-दक्षिणेला, पांढऱ्या पूर्व-पश्चिमेला, म्हणजे रंगावरून दिशाही कळते, किती सुंदर विचार आहे हा. तर बॉडी नंतर, आधी लुकआउट. १६३ फूट, पन्नास सेंमीचा दांडा, सोमवारीच काकांना ड्रॉइंग देतोय.

चौकटींची टोकं जिथे एकमेकांना टेकतात तिथे टेप कशी कापता तेवढं सांगा, एका वेळी सगळ्या झाकता की एकाआड एक?